ओवीसाठी जेट बोट

५ जानेवारी
ओवी सांगलीला परत गेली. सुट्टी संपली. प्राजक्ता न्यायला आली होती. चहा घेतला, जेवायला थांबली नाही. आमचा नितीन गेल्याला दोन पावसाळे झाले, तेव्हापासून सूनबाई या घरात टेकते कमी. नोकरी सांगलीत, माहेर सांगलीत. तिचं चुकतं असं नाही. स्टँडवर ओवीनं खिडकीतून हात केला तो गाडी वळेपर्यंत.

परवाचं लिहायचं राहिलं. तिला घेऊन बामणोलीला सदाकडं गेलो होतो. सदा माझ्याच पलटणीतला. माझ्याआधी पेन्शनीत आला, आता धरणाच्या बॅकवॉटरवर लाँच चालवतो. पुण्याची कुणी मंडळी स्वतःची जेट बोट घेऊन आली होती. मागं रबरी ट्यूब बांधून पोरांना ओढत होती. त्यातली बाई म्हणाली, आजोबा, तुमच्या नातीला बसवू का? बसली. पहिल्या वळणाला किंचाळली, मग हसायला लागली. पाण्यावरून आवाज लांबून येतो. बाप गेल्यापासून हे पोरगं असं हसलेलं मी ऐकलं नव्हतं. सदा शेजारी येऊन उभा राहिला. जरा वेळानं म्हणाला, "सुभेदार, चल, च्या पिऊ." मी मान वळवली नाही.

९ जानेवारी
बोट घ्यायची. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.

१३ जानेवारी
सांगितलं.
"आवं, गुडघ्यानं जिना उतरवत न्हाई तुमाला. बोटीत कोण बसणार?"
म्हटलं, ओवी.
"ती म्हयन्यातनं एकदा येती."
म्हटलं, बोट असली तर जास्त वेळा येईल.
सौ. तीळ भाजत होती. तीळ करपले.

१६ जानेवारी
सदाचं म्हणणं, पंख्याची घे. रबरी बोट, मागं इंजिन लटकवलं की झालं, निम्म्यात काम. "पंख्याला जाळीचं कडं बसवू की रं." मी नाही म्हटलं. फौजेत पुराच्या ड्यूटीवर आम्ही पंख्याच्याच बोटी चालवल्या. पाण्यात उतरलेल्या आपल्याच एका पोराची पिंढरी पंख्यात गेलेली मी बघितली आहे. सदानंही बघितली आहे. तो विसरला असेल तर विसरो.

ओवी बोटीच्या मागं पाण्यात असणार, दोरी धरून. जेट बोट पोटाखालून पाणी ओढून घेते आणि मागनं जोरात फेकते, त्यावर पळते. बाहेर फिरणारं पातं नाही. मागची फळी पाण्याला टेकलेली, पोरगं हातानं चढून येतं. तेव्हा जेटच. यावर पुन्हा विचार नाही.

पण नव्या बोटीच्या किमती ऐकून फोन खाली ठेवला. जुनीच बघायची.

१९ जानेवारी
ओवीशी व्हिडिओवर बोललो. बोटीचे फोटो दाखवले. म्हटलं, सीटा किती हव्यात ते तू सांग. बोटांवर मोजत बसली. "आबा, आजी, आई, मी. चार." मग म्हणाली, "पाच सीटांची नसते का?"
म्हटलं, पाचवं कोण? मैत्रीण?
"असंच."
प्राजक्तानं फोन घेतला. आबा, तिचा अभ्यास आहे म्हणाली.

२ फेब्रुवारी
रोज सकाळी मोबाईलवर बोटीच बघतो. मालवणची एक बरी वाटते. लाल-पांढरी, चार सीटांची, ट्रेलरसकट. फोटोत तरी नवीकोरी. सदाला घेऊन जाऊन येतो. सौ. म्हणाली, "जावा. घरात बसून भिताडं बघण्यापरीस बरं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

१२ फेब्रुवारी
कालचं. जमेल तसं लिहितो.

मालवणची बोट मिठानं खाल्लेली निघाली. वरनं पॉलिश, आत सगळं पोकळ. विकणारा सांगत होता की रोज गोड्या पाण्यानं धुतो. सदानं मागच्या नळीत हात घातला. आतल्या चक्राच्या कडा करवतीसारख्या झालेल्या. एक नट फिरवला तर तो भुगा होऊन हातात आला. सदा त्या माणसाला म्हणाला, "छान हाय. फकस्त पाण्यात सोडू नका." तिथंच जीप फिरवली.

कोल्हापूरला आल्यावर सदाला म्हटलं, सांगलीवरनं जाऊ, पोरीला बघू. फोन केला नाही. आजोबानं नातीकडं जाताना फोन कशाला करायचा?

व्याह्यांच्या हॉलमध्ये ओवी कॅरम खेळत होती. समोर एक माणूस बसलेला. पस्तिशी-चाळिशीचा, चष्मा. मला बघून उभा राहिला, "नमस्कार" म्हणाला. व्याही आतून आले ते बनियनवरच, आणि उगाच हसले. त्यांचं ते हसणं बघून मला कळलं. कुणी सांगायची गरज पडली नाही.

प्राजक्ता मला गॅलरीत घेऊन गेली.
"आबा, मी येत्या रविवारी साताऱ्याला येऊन सांगणार होते. देवाशप्पथ."
"नाव काय?"
"मंदार. मूळचे मिरजेचे. आता बडोद्याला असतात, कंपनीत."
"आणि ओवी?"
ती कठड्याला धरून उभी राहिली. म्हणजे ओवीही.

मी म्हटलं, चांगलं आहे. खरंच म्हटलं. आवाज कसा आला माहीत नाही, पण तिनं मान खाली घातली.

निघताना ओवीनं कानात विचारलं, बोट मिळाली? म्हटलं, खराब होती. मग ती म्हणाली, "मंदारकाकांना पोहता येत नाही. त्यांच्यासाठी मोठं जॅकेट लागेल." पाचवी सीट त्यांची होती.

कराडला सदानं चहा सांगितला. मग म्हणाला, "पोर तिशीतली हाय रं." म्हटलं, माहीत आहे.

१३ फेब्रुवारी
सौ.ला माहीत होतं. संक्रांतीला प्राजक्तानं फोनवर सांगितलं होतं तिला.
विचारलं, मला का नाही सांगितलं?
"सांगून तुमी काय केलं असतं? बोटच घेतली असती."

२० फेब्रुवारी
काही लिहिण्यासारखं नाही.

२७ फेब्रुवारी
बी.पी. वाढलंय. डॉक्टर विचारतात, काही टेन्शन? नाही म्हटलं.

बडोद्याला जायला गाडीत बसलं की दुसरा दिवस उजाडतो. सांगली लांब नव्हती. सकाळच्या गाडीनं जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी येता यायचं. आता ओवी वर्षातनं एकदा येईल. मग दोन वर्षांतनं. मग तिकडच्या शाळेत, तिकडच्या भाषेत मोठी होईल, आणि एक दिवस कुणाला तरी सांगेल की साताऱ्याला माझे पहिल्या बाबांचे आईबाबा असतात. असतात की होते, ते तेव्हा ठरेल.

प्राजक्ताबद्दल मनात वाईट आणायचा प्रयत्न केला. आणता येत नाही. नितीन दवाखान्यात होता तेव्हा ती सतरंजीवर झोपायची, मी घरी येऊन झोपायचो.

९ मार्च
सदा ऐकत नाही. पाचगणीजवळ एक रिसॉर्ट बंद पडलंय, त्यांनी पाहुण्यांसाठी घेतलेली जेट बोट शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे म्हणाला. "नुसती बघून येऊ. बघायला पैसं पडत न्हाईत." जायचं नव्हतं. गेलो.

चार सीटांची. धरणाच्या गोड्या पाण्यातच चाललेली, तीही थोडीच. एका सीटच्या फोममध्ये उंदरानं घर केलंय, दोन वायरी कुरतडल्यात. बाकी ठणठणीत. सदानं आत हात घालून चक्र तपासलं, इंजिन चालू करून कान लावला. मान हलवली. मागची फळी रुंद आहे, तिला रबर लावलेलं, पाय घसरत नाही. ट्यूब ओढायचा हूक आहे. मी ओवीएवढ्या उंचीचा झालो तर कसा चढेन म्हणून वाकून बघितलं. मालक बघत होता. त्याला वाटलं असेल म्हातारा सरकलाय.

परवडण्यासारखी आहे. एवढे दिवस हिचीच वाट बघत होतो. आणि मिळाली तर मनात काहीच हललं नाही.

१६ मार्च
पुण्याला सात सीटांची एक आहे असं कळलं. माझ्या जीपनं ओढवणार नाही. पेट्रोल तर हत्तीसारखं पिते. परवडायचा प्रश्नच नाही. तरी दोन दिवस तिचेच फोटो बघतोय. सात म्हणजे सगळे मावतात.

पाचगणीचीत चार. आम्ही दोघं, ओवी, प्राजक्ता. त्या माणसाला जागा नाही. हे लक्षात आल्यावर मला बरं वाटलं. लिहून ठेवतो. खोटंच लिहायचं तर रोजनिशी कशाला ठेवायची?

२३ मार्च
प्राजक्ताचा फोन. ओवीची परीक्षा झाली की एक दिवस येतो म्हणाली, पाण्यावर जाऊ. ओवी फार मागं लागली आहे.
"आबा, मंदारही येतील. चालेल ना?"
चालेल म्हटलं. सौ. शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, "मी काठावर बसते. मला न्हाई हौस." म्हणजे चारात ते तिघं आणि मी. हिनं आपली सीट देऊन टाकली, एका शब्दात. मला एवढे दिवस सीटा मोजूनही ते सुचलं नव्हतं.

७ एप्रिल
मालक ट्रायल द्यायला तयार आहे. सदाच्या धक्क्यावर, सदाच्या जबाबदारीवर. वायरी बदलून झाल्या, सीटचा फोम नवा घातला. ओवीच्या वजनाचं जॅकेट साताऱ्यात मिळालं नाही, पुण्याहून मागवलं. नारिंगी. गळ्याशी पट्टा, पाठीला धरायला लूप. सौ.नं ते घडी घालून ठेवलं, पुन्हा उलगडून बघितलं, पुन्हा घडी घातली.

२० एप्रिल
कालचं आज लिहितोय. अक्षर नीट येत नाही.

सकाळी सगळे बामणोलीला पोचलो. पाणी बरंच उतरलंय. काठाला तांबडा चिखल, त्यातनं बुडीत झाडांचे खुंट वर आलेले. मंदारनं जॅकेट घातलं, सगळे पट्टे आवळले, पुन्हा ओढून बघितले. पाण्याला भितो माणूस, तरी बसला. ओवीनं त्याची थट्टा केली, तोही हसला.

सदानं मला बाजूला घेऊन सांगितलं. "सुभेदार, ध्यानात ठेव. हिला वळवायची तर गॅस द्यायला लागतो. पाण्याच्या झोतावरच ती वळती. गॅस सोडलास तर चाक नुसतं फिरंल, बोट सरळच जाणार." व्हय व्हय म्हटलं. त्यानं पुन्हा सांगितलं. मनात म्हटलं, तुझ्याएवढ्याच चालवल्यात.

पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या झाल्या. ट्यूब अजून बांधली नव्हती, नुसतंच फिरत होतो. ओवी ओरडत होती, अजून जोरात, आबा. प्राजक्ताचे केस सुटले होते आणि ती हसत होती. तिचं हसणंही मी विसरलो होतो. मला वाटलं, झालं. हे जमलं. हे लोक आता येत राहतील.

मग कडेच्या वळणापलीकडं एक मासेमारी करणारा होडीत बसलेला दिसला. एकदम समोर. सगळा जन्म जी सवय, तीच हात करून गेले. आधी वेग कमी कर, मग वळव. गॅस सोडला, चाक पूर्ण फिरवलं. बोट वळली नाही. चाक हातात लोण्यासारखं फिरत होतं. सदाचं बोलणं आठवलं तेव्हा उशीर झाला होता. होडीच्या शेजारनं गेलो, हात लांब केला असता तर लागली असती, आणि सरळ काठावर चढलो. चिखल, मग खुंट. बोट कलंडून थांबली.

माझे दोन्ही हात चाकावर होते. मंदारनं दोन्ही हातांनी ओवीला पोटाशी धरलं होतं. हात अडकलेले, म्हणून त्याला स्वतःला सावरता आलं नाही. कपाळ पुढच्या काचेच्या पट्टीवर आपटलं. रक्त ओवीच्या नारिंगी जॅकेटवर. ओवीला खरचटलंसुद्धा नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त.

मासेमारीवाला होडी वल्हवत आला. बोट हलवायला मदत केली. मला म्हणाला, "आजोबा, लेकरू हाय बोटीत." तेवढंच.

धक्क्यावर पोचलो तर सौ. लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात उभी होती.

मंदारला मेढ्याला टाके घातले. परत येताना प्राजक्ता पुढं बसली होती, ओवी मागं मंदारच्या मांडीवर. धक्क्यावरनं निघतानाही ओवीनं बोटीकडं वळून बघितलं नव्हतं. माझ्याकडंही.

२२ एप्रिल
सदाला फोन केला. बुडाला खरवडलंय, बाकी बोटीला काही नाही म्हणतो. दुरुस्ती मी करून देतो म्हणून मालकाला कळवायला सांगितलं. सदा एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

२५ एप्रिल
प्राजक्ता रागावलेली नाही. म्हणाली, "आबा, होतं असं. पण आता पाण्यावर नको. ती झोपेत दचकते."
मग मंदार फोनवर आला. "आबा, टाके निघाले की पोहायचा क्लास लावतो. लाज वाटते या वयात, पण लावतो."
चांगला माणूस आहे. वाईट असता तर निदान पोरीला त्याच्याकडं पाठवायचं नाही असं म्हणता आलं असतं.

४ मे
कुटुंबासाठी बोट घ्यायला निघालो होतो. कुटुंब कोण, तेच आता कळत नाही. कागदोपत्री ती सून राहणार नाही. ओवीचं आडनाव तेच राहील म्हणतात, तेही पुढं कुणी सांगावं? नितीन असता तर या गोष्टी लिहाव्याच लागल्या नसत्या. दुपारी पडून राहतो. सौ. पंखा लावते, बंद करते. बोलायचं काही उरलेलं नाही असं नाही. सुरू कुठून करायचं ते दोघांनाही समजत नाही.

१० मे
प्राजक्ता आली होती, एकटीच. या वेळी जेवली. जेवण झाल्यावर म्हणाली, "आबा, लग्न नोंदणी पद्धतीनंच करतोय. साक्षीदार लागतात. माझ्याकडनं तुम्ही सही करावी असं मला वाटतं. नितीन..."
मी बघू म्हटलं.
बघू म्हणजे काय, मलाच माहीत नाही. ती गेल्यावर सौ. म्हणाली, "तिनं बापाला न्हाई विचारलं. तुमाला विचारलं."

१८ मे
गेलो नाही. बी.पी.चं कारण सांगितलं. सौ. एकटी एसटीनं सांगलीला गेली.

संध्याकाळी परतली. पातळ बदललं, देवाला दिवा लावला, मग माझ्यासमोर बसली.
"मी केली सही."
बरं म्हटलं.
"पेन चालंना. दोनदा गिरवली. सायब म्हणला, आजी, सावकाश." मग म्हणाली, "पोरगी दाराकडं बघत हुती. प्रत्येक माणूस आत आला की बघायची."

तिला म्हणायचं होतं की तुम्ही बाकी सगळ्यांना हसायला लावायला निघाला होता आणि ज्या दिवशी खरंच यायला हवं होतं त्या दिवशी घरी बसलात. म्हणाली नाही. मीच म्हणतोय.

२६ मे
पाचगणीच्या मालकाचा निरोप, सदामार्फत. घ्यायची आहे का नाही? नसेल तर कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक आहे. मी उत्तर दिलं नाही.

माझ्या हातात आता बोट द्यावी असं मलाच वाटत नाही. आणि कुणासाठी?

५ जून
बडोद्याची गाडी सातारा स्टेशनवरनं जाते. थांबते जेमतेम. दोघं तासभर आधी जाऊन बसलो. सौ.नं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ओवीसाठी लाडू असा डबा बांधला होता. म्हटलं, तिकडं मिळतं सगळं. म्हणाली, "मिळू दे."

गाडीतला त्यांचा डबा जिथं येईल म्हणून उभे होतो तिथं आला नाही, पार पुढं गेला. गुडघा विसरून चाललो, सौ. डबा छातीशी धरून मागं. पोचलो तेव्हा मंदार दारात उभा होता, आम्हालाच शोधत. कपाळावर टाक्यांची खूण. मागं प्राजक्ता.

मंदार म्हणाला, "आबा, ओवी झोपली. तिला गाडी लागते, मिरजेलाच गोळी दिली. जागी राहायचा खूप प्रयत्न केला तिनं. उठवू का?"

मी नको म्हटलं. गोळी घेतलेलं पोर, दचकून उठेल. मला बघून दचकेल. हे मी त्याला सांगितलं नाही.

सौ.नं डबा दिला. प्राजक्ता खाली वाकली, पाया पडायला जागा नव्हती तेव्हा सौ.चे हात धरले. गाडी हलली. मंदार काहीतरी ओरडून सांगत होता, पोचल्यावर फोन, असं काहीतरी.

स्टेशनबाहेर सौ.नं रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "उठवायला लावायचं हुतं."

६ जून
व्हय. लावायचं होतं.

७ जून
पोचले. प्राजक्ताचा फोन. घर चांगलं आहे, शाळा जवळ आहे. ओवी फोनवर येत नाही. आधी वाटलं, बोटीचं मनात आहे. प्राजक्ता म्हणाली, "तुम्ही स्टेशनवर आला होता आणि तिला उठवलं नाही म्हणून रुसलीय. दोघांशीही बोलत नाही, मंदारशी आणि तुमच्याशी." मग हसली जरा. मला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तिथंच बसून राहिलो.

९ जून
आजही ओवी आली नाही फोनवर. लांबनं तिचा आवाज आला, "नाही म्हणून सांग." आवाज नीट होता. खणखणीत.

११ जून
सदाचा फोन. कोल्हापूरचं गिऱ्हाईक रविवारी येतंय, पैसे घेऊनच येतंय. "व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण सुभेदार, मला मधी लोंबकळत ठिवू नगंस." पाऊस लागला की बोटी तशाही काठावर चढवतात, चार महिने पाण्यात काही नाही, मग आत्ताच कशाला घाई, असं मी म्हणालो. सदा म्हणाला, "पाऊस संपतो की रं."
रविवारपर्यंत सांगतो म्हटलं.

सौ. दारात उभी होती, ऐकत. मला वाटलं, म्हणेल सोडा आता तो नाद. तिनं विचारलं, "समजा घेतली, आन कुणीच न्हाई आलं. तर दोघांनी बसायचं कुठं तिच्यात?"
म्हटलं, दोघंच असलो तर एकानं डावीकडं, एकानं उजवीकडं. एका बाजूला बसलो तर बोट कलते.
"मग मला पुढं नगं. मागं भ्या वाटंल, पर पुढं नगंच."
म्हटलं, तुला हौस नव्हती ना.
ती आत गेली. रविवारला अजून अवकाश आहे. काय सांगायचं ते ठरलेलं नाही.